एकाला धक्का तो तिघांना

वाघबंदरच्या मच्छीमार सोसायटीचं अध्यक्षपद कोकिळाकडे चालत आलं. कर्तबगारीमुळे आलं असं गावात कोणी म्हणत नव्हतं आणि तिचाही तसा दावा नव्हता. गावात आळ्या दोन. खालच्या आळीला मोरूशिवाय दुसरा कोणी चालत नव्हता आणि वरच्या आळीला मोरू सोडून कोणीही चालला असता. भांडून भांडून दोन सभा मोडल्या. तिसऱ्या सभेच्या वेळी सगळ्यांना भूक लागली होती, तेव्हा कोणीतरी येसाजी तांडेलाच्या बायकोचं नाव घेतलं. कोकिळा बोंबील सुकवायची, अलिबागच्या बाजारात नेऊन विकायची आणि भांडण दिसलं की पाटी उचलून दुसरीकडे जाऊन बसायची. तिच्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. गावच्या राजकारणात याहून मोठी लायकी लागत नाही.

सह्या करायच्या, सरकारी माणूस आला तर चहा द्यायचा आणि सभेच्या शेवटी "बरं, मग तसं करू" म्हणायचं, एवढंच काम असेल असं तिला वाटलं होतं. पहिलं वर्ष तसंच गेलं. दुसऱ्या वर्षी मांडवखारचा गुणाजी तिला भेटायला आला.

मांडवखार हे वाघबंदरच्या उत्तरेचं गाव. गुणाजी तिथला जुना तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, सत्तरीला टेकलेला. गाव त्याच्या शब्दाबाहेर जात नसे. मांडवखारपुढचा समुद्र चिखलाच्या तळाचा. तिथे खुंट रोवून डोल जाळी लावायची आणि त्यावर पोट भरायचं, असा त्या गावाचा धंदा. पण दोन हंगाम झाले, बाहेरचे मोठे ट्रॉलर किनाऱ्याजवळ घुसून ती जाळी खुंटांसकट ओढून नेत होते. कायद्याने त्यांनी इतक्या जवळ यायचं नव्हतं. पण कायदा अलिबागला होता आणि ट्रॉलर मांडवखारला.

गुणाजीचं म्हणणं साधं होतं. एकटं गाव बघितलं की ते मस्ती करतात, तीन गावं एक झाली तर करणार नाहीत. तिसरं गाव म्हणजे दक्षिणेचं पालवखाडी. तिथे मोठमोठ्या होड्या, गावाची स्वतःची बर्फाची फॅक्टरी आणि पुढारी हर्षद. हा हर्षद कोकिळाच्या सुनेचा, सुचिताचा, सख्खा थोरला भाऊ.

वाघबंदरला या भानगडीत पडायची गरज नव्हती. गावापुढचा समुद्र खडकाळ. तिथे ट्रॉलरने जाळं टाकलं तर त्याचंच फाटायचं. मोरूने सभेत विचारलं की आपल्याला कोणी धक्का देत नाही, तर दुसऱ्याचा धक्का आपण अंगावर का घ्यायचा? प्रश्न बिनतोड होता.  कोकिळाला फक्त एवढं आठवत होतं की ती परकरात होती तेव्हा तुफानात भरकटलेली तिच्या बापाची होडी मांडवखारवाल्यांनी ओढून आणली होती, आणि त्यासाठी त्यांनी सभा घेतली नव्हती. हे काही ती बोलली नाही. ती म्हणाली, "बरं, मग तसं करू." लोकांना वाटलं, ठराव झाला.

तिन्ही गावं मांडवखारच्या देवळापुढे जमली. चहा झाला, भजी झाली, मग हर्षद बोलायला उभा राहिला. हर्षद चांगला बोलायचा. त्याने सांगितलं की जगात बडे बडे देशसुद्धा असाच करार करतात. एकावर हल्ला झाला तर तो सगळ्यांवर झाला असं धरतात आणि सगळे मिळून लढतात. म्हणून त्यांच्या वाटेला कोणी जात नाही.

गुणाजीने मध्येच विचारलं, "मग वेळ आली की ते जातात काय?"

"जातात की," हर्षद म्हणाला.

मागच्या रांगेतून मोरू म्हणाला की टीव्हीवर रोज लढाई दाखवतात, त्यात जाणारे कमी आणि बोलणारेच जास्त दिसतात. पण तोवर नारळ आला होता. तिघांनी नारळावर हात ठेवून शपथ घेतली: एकाच्या होडीला धक्का लागला तर तो तिघांना लागला, आणि हाक आली की होड्या निघाल्या. शब्द हर्षदचे होते. मग नारळ समुद्रात सोडला. लोक परत निघाले तेव्हा भरतीने तो किनाऱ्याला आणून टाकला. पण तोवर भाषणं संपली होती, त्यामुळे कोणी मनावर घेतलं नाही.

हाक आली ती चैत्रात, वाघबंदरच्या जत्रेच्या दिवशी.

जत्रेला गावची एकही होडी समुद्रात जात नाही. सगळ्या धक्क्याला बांधलेल्या, रंगवलेल्या, पताका लावलेल्या. संध्याकाळी देवीची पालखी होडीतून फिरवतात. त्या वर्षी तो मान येसाजीच्या होडीला होता, म्हणून तिच्यावर केळीचे खांब उभे केले होते आणि लाऊडस्पीकर बसवला होता. घरोघर पाहुणे, चुलीवर मटण. कोकिळा नवं लुगडं नेसून मसाला वाटून घेत होती. इतक्यात फोन वाजला.

गुणाजी होता. मागे इंजिनाचा आवाज आणि माणसांची ओरड. चार ट्रॉलर आलेत, त्याने सांगितलं. आमच्या पोरांनी एकाला घेरलाय, बाकीचे तीन आमच्या होड्यांवर चढतायत. वरून शिशाचे गोळे आणि बाटल्या मारतायत. एक होडी फुटली, माणसं पाण्यात हायत.

"येताव ना?" त्याने विचारलं.

"येतो," कोकिळा म्हणाली, आणि फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण कोणालाच विचारलेलं नाही.

देवळापुढे माणसं जमलेलीच होती, त्यामुळे सभा बोलवावी लागली नाही. तिने काय झालं ते सांगितलं.  मग सगळेच विचार करायला लागले. वाघबंदरने इतका खोल विचार याआधी कधी केला नव्हता. एकाने विचारलं की आधी धक्का कोणी कोणाला दिला? मांडवखारवाल्यांनी ट्रॉलरला घेरलं असेल तर धक्का त्यांनीच दिला, मग शपथ कशी लागू होते? दुसरा म्हणाला, शपथेत होडी म्हटलंय, जाळं नाही म्हटलं. होडीही फुटली आहे असं कोकिळाने सांगितल्यावर तो म्हणाला की किती फुटली ते बघायला हवं. तिसऱ्याच्या मते हे काम पोलिसांचं होतं. चौथ्याला देवीची काळजी पडली होती: पालखीच्या दिवशी मारामारी केली तर तिला काय वाटेल? मोरू म्हणाला की हे सगळं मी आधीच बोललो होतो. ते खरंच होतं.

शेवटी ठरलं की पालवखाडीला विचारावं. त्यांच्या होड्या मोठ्या. त्या निघाल्या तर आपणही निघू.

कोकिळाने हर्षदला फोन लावला. तो अलिबागला होता. त्याला सगळं आधीच कळलं होतं आणि तो अधिकाऱ्यांच्या संपर्कात होता. पालवखाडीचा मांडवखारला पूर्ण पाठिंबा आहे, असं त्याने तिला दोनदा सांगितलं. व्हॉट्सॲपवर निवेदनही टाकलं होतं; त्यात त्याने घडलेल्या प्रकाराबद्दल तीव्र चिंता व्यक्त केली होती.

"होड्या निघाल्या काय?" तिने विचारलं.

"काकी, तुमच्या निघूद्यात. तुमच्या निघाल्या की आमच्या निघाल्याच समजा."

म्हणजे वाघबंदर पालवखाडीसाठी थांबलं होतं आणि पालवखाडी वाघबंदरसाठी. दोघांचाही एकमेकांवर पूर्ण विश्वास होता. मांडवखारची माणसं तेवढी पाण्यात होती.

सुचिता बाजूला उभी राहून ऐकत होती. तिने सासूच्या हातातून फोन घेतला आणि भावाला म्हणाली, "दादा, तू बोललेलास सगळ्यांपुढं. मी होते तिथं." पलीकडून हर्षद बराच वेळ काही सांगत राहिला. सुचिताने मध्येच फोन बंद केला, सासूला परत दिला आणि घरात निघून गेली. तिचा चेहरा उतरला होता. एवढ्या लोकांत आपलं माहेर असं उघडं पडलेलं बघणं सोपं नसतं.

आता काय करायचं ते कोकिळाला कळेना. "बरं, मग तसं करू" म्हणायची वेळ आली होती, पण काही ठरलंच नव्हतं. तिने नवऱ्याकडे बघितलं. येसाजी देवळाच्या पायरीवर बसला होता. त्याने इतका वेळ तोंड उघडलं नव्हतं. तसं तो एरवीही उघडत नसे. तो उठला, जत्रेचा नवा शर्ट काढून पायरीवर नीट घडी करून ठेवला आणि धक्क्याकडे चालू लागला. त्याचे खलाशी एकमेकांकडे बघत मागोमाग गेले.

कोकिळाही गेली. एरवी बाईने होडीत चढायची रीत नाही. पण जत्रेच्या दिवशी पालखीबरोबर बायका चढतात, त्यामुळे त्या बाबतीत कोणाला बोलायला जागा राहिली नाही. येसाजी एवढंच म्हणाला, "तू कशाला?"

"येतो म्हणून मी बोललेय," ती म्हणाली. "तुमी न्हाय."

होडी सुटून खडकांबाहेर पडली तेव्हा मागून आणखी एक इंजिन ऐकू आलं. मोरूची होडी. सभेत सगळ्यात जास्त विरोध त्यानेच केला होता. पण येसाजीची, म्हणजे वरच्या आळीची होडी गावची अब्रू राखायला एकटी गेली असती, तर पुढे जन्मभर ते ऐकून घ्यावं लागलं असतं. मांडवखारच्या माणसांपेक्षा मोरूला ही गोष्ट जास्त लागली, असं लोक म्हणाले. कोकिळाला त्याच्याशी कर्तव्य नव्हतं. तिला मागे होडी दिसली आणि हायसं वाटलं.

तिसरी होडी निघाली नाही.

मांडवखारपुढे पोहोचले तेव्हा चित्र वाईट होतं. ट्रॉलर एखाद्या दुमजली घराएवढे, आणि मांडवखारच्या होड्या त्यांच्या अंगाला लागून कोंबड्यांसारख्या हिंदकळत होत्या. फुटलेली होडी एका कुशीवर झाली होती आणि दोन पोरं तिला धरून होती. गुणाजी दुसऱ्या होडीत उभा होता. त्याच्या कपाळातून रक्त येत होतं आणि ते पुसायचं सोडून तो माणसं ओढून घेत होता. ट्रॉलरवरच्या पोरांकडे कोकिळाचं लक्ष गेलं. तीही पोटासाठी कुठून कुठून आलेली पोरं होती. काहींच्या अंगावर शर्ट नव्हता, आणि घाबरल्यामुळे ती जास्त जोरात मारत होती.

येसाजीने होडी सरळ मध्ये घातली, पाण्यातली पोरं आणि येणारा ट्रॉलर यांच्या मधोमध. ट्रॉलर वळला, पण पुरता वळला नाही. त्याची कूस होडीला घासत गेली. केळीचे खांब मोडून पाण्यात पडले. येसाजीचा उजवा हात होडीच्या काठावर होता, तो मध्ये सापडला. तो ओरडला नाही. त्याने हात ओढून घेतला, बघितला आणि डाव्या हाताने सुकाणू धरलं.

कोकिळाने तो हात बघितला. मग तिला समोर लाऊडस्पीकरचा माईक दिसला. तो पालखीसाठी चालूच करून ठेवला होता.

बाजारात भाव सांगताना तिचा आवाज जसा लागायचा तसाच तेव्हा लागला, सपाट आणि मोठा. "मी वाघबंदरची कोकिळा बोलतेय," ती म्हणाली. "आमी दोन होड्या पुढं आलोय. पालवखाडीच्या वीस मागून येतायत. मोठ्या हायत. त्या आल्या की मग मी सांगून कोणी थांबायचं न्हाय. तुमी आताच जा."

हे तिने हिंदीतही सांगितलं. तिचं हिंदी मासे विकण्यापुरतंच होतं, त्यामुळे ते जरा विनंतीसारखं झालं. पण पालवखाडीच्या होड्या सगळ्या किनाऱ्याला माहीत होत्या. ट्रॉलरचा तांडेल बाहेर येऊन दक्षिणेकडे बघायला लागला. दक्षिणेकडे धुकट होतं, आणि धुकटात वीस होड्या आहेत की नाहीत हे कोणालाच सांगता येत नाही. मांडवखारची पोरंही तिकडे बघायला लागली. मोरूसुद्धा वळून बघत होता. त्याला ते खरंच वाटलं होतं.

घेरलेल्या ट्रॉलरने जाळ्याचा दोर तोडला. चारही ट्रॉलर तोंड फिरवून खोल समुद्राकडे निघून गेले. सगळं संपल्यावर गस्तीची सरकारी बोट आली.

येसाजीची दोन बोटं गेली. अलिबागच्या डॉक्टरने बाकीचा हात वाचवला. कोकिळा दवाखान्यात त्याच्या उशाशी बसून राहिली. तिला वाटत होतं, तो काहीतरी बोलेल. फोनवर परस्पर होकार दिल्याबद्दल विचारेल.  शेवटी तिनेच विचारलं की मी चुकले काय?

येसाजीने थोडा विचार केला. "ती दोन पोरं वाचली," तो म्हणाला. मग म्हणाला, "जत्रेचं मटण कोणी खाल्लं?" आणि डोळे मिटून पडला. कोकिळाने तोंडाला पदर लावला. हसू होतं की रडू, ते तिलाही नीट सांगता आलं नसतं.

ट्रॉलरवाल्यांनी पोलिसांत तक्रार दिली. समुद्रात गर्दी जमवून हल्ला केल्याचा गुन्हा मांडवखारच्या लोकांवर, गुणाजीवर आणि कोकिळावर लागला. कोकिळाचं नाव शोधायला पोलिसांना त्रास पडला नाही. तिने ते लाऊडस्पीकरवरून गावासकट सांगितलं होतं. येसाजीला दवाखान्यात असल्यामुळे सोडलं. मोरूचं नाव आलं नाही, आणि हा आपला अपमान आहे असं त्याला बरेच दिवस वाटत राहिलं. जामीन झाला. कोर्टाने सांगितलं की पुन्हा अशा भानगडीत दिसलात तर जामीन रद्द होईल.

तक्रारीत आणखी एक गोष्ट होती. पालवखाडीच्या वीस होड्या चालून येत होत्या, म्हणून आम्हाला जीव वाचवून पळावं लागलं, असं ट्रॉलरवाल्यांनी लिहून दिलं होतं. ते पेपरात आलं. तीन गावांच्या एकजुटीपुढे ट्रॉलर माघारी, असा मथळा होता. पुढच्याच महिन्यात अलिबागला एका मेळाव्यात पालवखाडी गावाचा सत्कार झाला. शाल आणि श्रीफळ हर्षदने घेतलं. तो चांगला बोलला.

त्यानंतर त्याने कोकिळाला फोन केला. त्याचा आवाज नेहमीसारखा भरलेला नव्हता. "काकी, तुमी आमचं नाव घेतलंत ते बरं झालं," तो म्हणाला.

"नाव होतं, ते घेतलं," कोकिळा म्हणाली. "होड्या नव्हत्या."

तिला टोचून बोलायचं नव्हतं. जे होतं ते तिने सांगितलं. हर्षदने येसाजीच्या हाताची चौकशी केली आणि फोन ठेवला.

सुचिता भावाबद्दल घरात काही बोलत नव्हती. पावसाळा गेला, दिवाळी आली. भाऊबीजेला पालवखाडीहून दोनदा निरोप आला. ती गेली नाही. तिचा नवरा सुजित उरणला कंटेनर यार्डात कामाला होता, तो सुट्टीवर आलेला. त्याने समजावलं, आईबापांना वाईट वाटेल म्हणाला. कोकिळानेही सांगितलं की माझ्यासाठी माहेर तोडू नको. सुचिता तांदूळ निवडत होती. मान वर न करता ती म्हणाली, "बोलावलं की जायचं ही रीत त्यांच्याकडं न्हाय. मग माझ्याकडूनच का धरावी?"

हे उत्तर जसंच्या तसं पालवखाडीला पोहोचलं. निरोप्या चोख होता.

दिवाळीच्या पाठोपाठ ट्रॉलर परत आले, आणि या वेळी मांडवखारला गेले नाहीत. वाघबंदरच्या खडकांबाहेर येऊन त्यांनी गावच्या जाळ्यांना तरंगत धरणारे बोये कापायला सुरुवात केली. मासे धरायला ते आलेच नव्हते. ती लाऊडस्पीकरवाली होडी कुठल्या गावची, ते त्यांच्या लक्षात राहिलं होतं. सकाळची वेळ होती. धक्क्यावर उभं राहून सगळं गाव बघत होतं. मोरू म्हणाला की त्या दिवशी आपण गेलो नसतो तर आज हे इथं आले नसते. तेही खरं होतं. मग तो आपली होडी सोडायला गेला. येसाजीही निघाला, डावखुरा. या वेळी देवळापुढे कोणी जमलं नाही. एकामागून एक होड्या निघाल्या, कारण कापले जात होते ते स्वतःचे बोये.

जामिनाच्या अटीमुळे कोकिळाला जाता येत नव्हतं. ती धक्क्याच्या टोकाला उभी राहून फोन लावत होती. पहिला गुणाजीला लावला. त्याने ऐकून घेतलं. 

"बघतो," तो म्हणाला.

हा शब्द कोकिळाने ओळखला. जत्रेच्या दिवशी तिने असलं बरंच ऐकलं होतं. मांडवखारची सगळी पोरं जामिनावर होती. पुन्हा होडीत दिसली तर सरळ आत गेली असती. तिला ते कळत होतं. तरी त्या गावासाठी तिच्या माणसाची दोन बोटं गेली होती.

मग तिने हर्षदला फोन लावला. आशा नव्हती. पण शपथ तिघांची होती, तेव्हा तिघांना सांगायला हवं, एवढ्यासाठी लावला.

"निघतो," हर्षद म्हणाला. तुमच्या किती निघाल्या, हे त्याने विचारलं नाही.

तिने त्यावर विश्वास ठेवला नाही. पण थोड्या वेळाने दक्षिणेच्या बाजूने इंजिनांचा घुमणारा आवाज आला आणि पालवखाडीच्या मोठ्या होड्या रांगेने टेकाडाआडून बाहेर पडल्या. वीस होत्या की कमी, ते कोकिळाने मोजलं नाही. एका नजरेत मावतील त्याहून जास्त होत्या. सगळ्यात पुढच्या होडीत हर्षद उभा होता, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात. पुढारी झाल्यापासून तो समुद्रात गेला नव्हता. खडकांपाशी लाटा उलट्या फुटतात, तिथे त्याला ओकारी आली. काठावर वाकून तो ओकला, तोंड पुसलं, पुन्हा उभा राहिला आणि पुन्हा वाकला. होडी मात्र पुढेच जात होती.

तेवढ्यात कोकिळाच्या मागे कोणीतरी खोकललं. गुणाजी होता. तो सहा आसनी विक्रम रिक्षाने आला होता, आणि रिक्षावाल्याने वरच सोडल्यामुळे उतारावरून काठी टेकत चालत आला होता. कपाळावर जुन्या जखमेचा व्रण होता. दम लागल्यामुळे आधी त्याला बोलताच येईना.

"होड्या नाय आणता आल्या, कोकिळाबाय," तो म्हणाला. "पोरं अडकलीत. मी एकटाच आलोय. मला आत घातला तर घालूद्या, मी असाही म्हातारा हाय."

"बसा," कोकिळा म्हणाली.

दोघं धक्क्यावर पाय सोडून बसले. कायद्याने दोघांनाही बघण्याशिवाय दुसरं काही करता येत नव्हतं. समुद्रात वाघबंदरच्या लहान होड्या आणि पालवखाडीच्या मोठ्या होड्या मिळून ट्रॉलरभोवती वाढत गेल्या. कोणी कोणाला मारलं नाही. मारायला जागाच उरली नव्हती. ट्रॉलर थोडा वेळ जागच्या जागी घुटमळले आणि मग निघून गेले.

गुणाजीने विचारलं की आपला करार अजून धरायचा काय?

"ते पुढच्या वेळी कळंल," कोकिळा म्हणाली.

होड्या धक्क्याला लागल्या. हर्षद उतरला तेव्हा त्याच्या शर्टाकडे बघवत नव्हतं. गाव त्याच्याकडे बघत होतं, म्हणून त्याने बोलायला तोंड उघडलं, पण पुन्हा पोटात ढवळलं असावं, त्याने ते मिटलं. गर्दीतून सुचिता पुढे आली. भावाला तिने वरपासून खालपर्यंत बघितलं.

"आधी तोंड धू," ती म्हणाली. "मग जेवायला बस."

ती घरात गेली आणि तांदूळ वाढवून टाकले. सुकट होतीच, येसाजीने येताना बोये गोळा करता करता दोन सुरमया आणल्या होत्या. ओटीवर पंगत बसली: येसाजी, हर्षद, गुणाजी, आणि बोलावलं नसताना मोरूही. हर्षदला घास जात नव्हता, पण उठायची त्याची हिंमत नव्हती. सुचिता त्याच्या पानात भात वाढत राहिली, आणि तो मुकाट्याने खात राहिला.